शंभरने सुरू होणारा पत्ता

रेणुसेकाका आता लेकीकडे, नाशिकला.
एकोणीस वर्षं पहाटे पाच-चाळीसला
आमच्या वारज्याच्या सोसायटीचा व्हॉल्व्ह त्यांनी फिरवला,
आणि आता रोज त्याच वेळेला फोन:
"विभा, टाकी किती भरली?"
"भरली, काका."
"भरली म्हणजे किती?"

म्हणून पंपाच्या खोलीत, मोटारीच्या स्टार्टरशेजारी,
माझा जुना लिनक्सचा डबा नेऊन ठेवला.
टाकीत सेन्सर सोडला, तारेला भरपूर चिकटपट्टी.
काकांनी तिथून आकडा बघावा, एवढंच.
एवढंच या शब्दाला तीन रात्री लागल्या.

पहिल्या रात्री कळलं, सर्व्हर ऐकतोय,
पण एकशेसत्तावीस शून्य शून्य एकवर.
म्हणजे स्वतःचंच.
खोलीत एकटा माणूस मोठ्याने विचारतो
आणि आपणच हो म्हणतो, तसा.
ओळ बदलली. चार शून्यं लिहिली.
आता तो सगळ्यांचं ऐकायला तयार होता.
कुणी काही बोलत नव्हतं.

दुसरी रात्र फायरवॉलची.
नियम वरून खाली लागतात, हे मी विसरले होते:
माझं "येऊ द्या" सत्ताविसाव्या ओळीवर,
आणि अकराव्यावरच "कुणीही नको",
दोन वर्षांपूर्वी मीच लिहिलेलं.
कशाच्या भीतीने, ते आठवेना.

नकाराचे दोन प्रकार असतात.
एक तोंडावर नाही म्हणतो. राग येतो,
पण घरात कुणीतरी आहे हे कळतं.
दुसरा पाकीट घेतो, टाकून देतो, बोलत नाही.
बाहेरचा ताटकळतो, तीस सेकंद, साठ,
आणि त्याला वाटतं, आपलाच पत्ता चुकला.
मी दुसरा निवडला होता.
तोच सुरक्षित म्हणतात.

मग राउटर. लाइट गेली-आली तेवढ्यात
त्याने डब्याचा चौदा नंबर काढून सतरा दिलेला.
मी सगळ्या हाका चौदाकडे वळवत होते.
चौदावर माझ्या पोराचा मोबाइल.
त्याला टाकीचं काय माहीत.

आणि घरात बसून घराचं दार वाजवता येत नाही,
राउटर गोंधळतो.
म्हणून रात्री साडेअकराला गाउनवर ओढणी घेऊन खाली,
झाकून ठेवलेल्या भुर्जीच्या गाडीपाशी,
वायफाय बंद करून
स्वतःच्याच घराला हाक मारली.
आमच्या खिडकीतला दिवा दिसत होता.
उत्तर नाही.
वर येऊन पाहिलं, टीसीपीडंप पहाऱ्याला बसवला होता:
माझं एकही पाकीट पोचलेलं नव्हतं.

तिसऱ्या रात्री राउटरचा बाहेरचा पत्ता नीट वाचला.
शंभरने सुरू होत होता.
म्हणजे तो आमचा नव्हताच.
केबलवाल्याने अख्ख्या गल्लीला मिळून एकच पत्ता दिलेला,
चारशे घरं एका नावामागे,
आणि मी आत बसून एकेक दार उघडतेय,
जे रस्त्याकडे नव्हतंच.
केबलवाल्याचा पोरगा फोनवर म्हणाला,
"मॅडम, बाहेर जातंय ना सगळं? मग?"

बाहेर जात होतं.
तेच धरलं.
एक छोटं यंत्र भाड्याने घेतलं, स्वतःचा पत्ता असलेलं, कुठेतरी लांब,
आणि डब्याला सांगितलं: तूच आधी हाक मार,
आणि लाइन सोडू नकोस.
उघडलेली दारं सगळी परत लावून घेतली.

पाच-चाळीस. नाशिकला आकडा दिसला: त्र्याऐंशी टक्के.
चहा ठेवला. आता फोन येणार नाही,
याचं बरं वाटतंय की नाही, ठरवत होते.

पाच-बेचाळीस.
"विभा, हे खोटं आहे.
मंगळवारी इतकं पाणी येतच नाही.
तार शिडीला अडकली असेल. वर जा, हात घाल."

गच्चीवर गेले. झाकण सरकवलं.
खांद्यापर्यंत हात आत, गाल सिमेंटला,
तेव्हा कुठे बोटांच्या टोकांना गार लागलं.
"किती?"
सांगितलं.
"हां," काका म्हणाले,
"असं सांग."